मदत हवी आहे: विमानाच्या हेडसेटचा माईक दुकानात चालतो, गिरणीत चालत नाही

नमस्कार मंडळी,

धुळ्यात माझं लाउडस्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत बँडवाल्यांचे माईक, एरवी भोंगे, मिक्सर, जे येईल ते. विमानाशी संबंध एवढाच की गोंदूरच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालतात आणि आम्ही चहा पिता पिता मान वर करतो. पण यंदा बहिणीचा मुलगा वैमानिक व्हायला शिकतोय. मेव्हण्यांनी कापसाच्या रानाचा एक तुकडा विकून फी भरली. त्यात हेडसेटचा खर्च कुणी धरलाच नव्हता. चांगल्या नव्या हेडसेटचा भाव ऐकून बहीण म्हणाली, "एवढ्यात तर म्हैस येते." मग भाच्याने एका सीनियरकडून जुना, बंद पडलेला सेट ३ हजारांत उचलला आणि सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मामा, तुम्ही करालच."

खोललं. कानाच्या वाट्या उत्तम, आत स्पीकर चालू. वायर मुळाशी तुटलेली आणि माईक मेलेला. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिली चूक पिनांची. शेपटाला दोन पिना असतात. ऐकायची पिन आपल्या नेहमीच्या पाव इंची जॅकसारखी, ६.३५ मिमी. मी गृहीत धरलं की माईकचीही तीच असणार, आणि दोन्ही पिना दुकानातल्या लावून टाकल्या. भाचा दुसऱ्या दिवशी परत, माईकची पिन सॉकेटात जाईचना. व्हर्नियर लावून जुनी पिन मोजली तर ५.२३ मिमी. तिचं नाव पीजे-०६८, ऐकायच्या पिनेचं पीजे-०५५. मुद्दाम वेगळं माप ठेवलेलं दिसतंय, घाईत उलटसुलट लागू नये म्हणून. बाजारात ती मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागली. कुणी हे काम करणार असेल तर जुन्या पिना फेकू नका.

माईकच्या पिनेला तीन भाग आहेत. टोकाला बोलायच्या बटणाची तार, मधल्या कड्याला आवाज, मागच्या अंगाला अर्थिंगची तार. टोक आणि अर्थिंग जोडले गेले की रेडिओ ट्रान्समिटवर जातो. बटण म्हणजे एवढंच, आत काही जादू नाही.

खरा घोटाळा माईकचा. आधी मी बँडवाल्यांचा डायनॅमिक माईक लावून पाहिला, अगदीच पुटपुट. नंतर वाचून कळलं की विमानाचे रेडिओ मुळात कार्बन माईकच्या जमान्यातले. ते माईकच्या तारेवरूनच ८ ते १६ व्होल्ट डीसी पाठवतात आणि उलट दणदणीत सिग्नल मागतात. म्हणून आजच्या माईकमध्ये कंडेन्सर कॅप्सूल (आवाज पकडणारी छोटी डबी) आणि पुढे छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तोही त्याच व्होल्टेजवर चालतो. मग मी १५ रुपयांची कॅप्सूल घेतली, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला, ९ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर देऊन एलएम ३८६ या छोट्या अ‍ॅम्प्लिफायर चिपवर आवाज ऐकला. खणखणीत! मी खूष, भाचा खूष.

पण विमानाच्या आत काय होईल? माझ्या शेजारी पिठाची गिरणी आहे. तिथे ज्वारी दळताना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हटलं, इंजिनाच्या जागी ही चालेल. हेडसेट डोक्यावर घालून, हातात बॅटरी घेऊन गिरणीत उभा राहिलो. गिरणीवाला विचारतो, "काय करी ऱ्हायना भो?" काय सांगणार. आणि स्पीकरमधून माझा आवाज नाहीच, नुसती गिरणी. ओठाला माईक टेकवला तरी नव्वद टक्के गिरणी.

तर प्रश्न असे. गोंगाटात फक्त तोंडाचा आवाज घेणारी कॅप्सूल कोणती, आणि ती स्वस्तात मिळते का? बोलायचं बटण वेगळं बनवायचं आहे, मोटारसायकलच्या हॉर्नचं बटण माझ्याकडे ढिगाने आहे, स्प्रिंग चांगली, अंगठ्याला बसतं, चालेल का? आणि आरटीआर, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या, परीक्षेच्या सरावासाठी दोन हेडसेट जोडून घरी इंटरकॉम केला तर त्याला काही परवाना लागतो का? हवेत काही पाठवायचं नाही, फक्त तारेवर. भाचा पायलट आणि मी टॉवर. त्याची मामी स्वयंपाकघरातून "नाइनर, नाइनर" (रेडिओवर नऊला असं म्हणतात) करून आम्हाला चिडवते ते वेगळं.

प्रतिसाद: जुना टेक्निशियन

दादा, गिरणीची चाचणी आवडली. तुमची १५ रुपयांची कॅप्सूल चहूबाजूंचं ऐकणारी आहे. तिला फक्त पुढून भोक असतं. तुम्हाला पुढून आणि मागून दोन्हीकडे भोकं असलेली हवी, नॉइज कॅन्सलिंग म्हणून मागा. दुरून येणारा इंजिनाचा आवाज कॅप्सूलमधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच जोराने पोचतो, मग पडदा हलत नाही. तोंडाचा आवाज एकाच बाजूने जवळून येतो, म्हणून हलतो. म्हणूनच माईक ओठांपासून पाव इंचावर ठेवतात. शिकाऊ पोरं हनुवटीखाली ठेवतात आणि मग सेटला शिव्या देतात.

एक विचारतो. जुन्या माईकच्या घरात कॅप्सूल कशी बसवलीत?

धागाकर्ता

ग्लू गनने. मागून पूर्ण भरलं, हलू नये म्हणून.

जुना टेक्निशियन

झालं. मागचं भोक बुजवलं की महागातली कॅप्सूलही १५ रुपयांवाली होते. कडेला दोन ठिपके पुरे. त्या घराच्या मागच्या बाजूलाही जाळी असेल बघा, ती शोभेची नाही.

प्रतिसाद: तापीकाठ

कशाला एवढा खटाटोप भाऊ? दोन हजारात चिनी हँडसेट येतो, त्यावर थेट सराव करा.

प्रतिसाद: शेंगोळे

तापीकाठ, असले सल्ले देऊ नका. ते हँडसेट एफएमवर बोलतात. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये एएमवर चालतं. त्यातल्या काहींवर ते ऐकू येतं, बोलता येत नाही, आणि येत असतं तरी विनापरवाना बोलणं गुन्हा आहे. पोरगा अजून परीक्षेला बसायचाय, त्याच्या नावावर केस नको. तारेवरच्या इंटरकॉमला मात्र कुणाची हरकत नाही, त्यात रेडिओच नाही. खुशाल टॉवर व्हा.

धागाकर्ते, कानाकडचंही बघा. विमानाच्या हेडफोनचा इंपिडन्स साधारण १५० ते ६०० ओहम असतो. जुने स्पीकर आहेत तेच ठेवा. मोबाइलचे ३२ ओहमवाले घातले तर सगळ्यांचे कान एकाच तारेवर असतात, शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या कानातला आवाजही बारीक होईल.

आणि कॅप्सूलच्या पायांवर १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर टाका, वायर आत शिरते तिथे एक फेराइट मणी. घरी सगळं छान वाटेल, पण खरा रेडिओ हातभर अंतरावर ट्रान्समिट करतो तेव्हा तोच सिग्नल तुमच्या बीसी ५४७ मध्ये शिरून शिट्टी मारतो. हे गिरणीत कळणार नाही.

धागाकर्ता

पाच दिवसांनी लिहितोय. दोन्ही बाजूंनी भोकं असलेली कॅप्सूल ऑनलाइन मिळाली, डिलिव्हरीसकट सव्वाशे रुपये. ग्लू खरवडला, मागे खरंच जाळी होती, मीच लिंपून टाकली होती. परत गिरणीत. या वेळी गिरणी मागे सरली आणि माझा आवाज पुढे आला. चार इंच लांब धरला की परत सगळं गायब, म्हणजे पाव इंचाची गोष्ट खरी. बहीण तिथे दळण घेऊन आली होती, तिने ऐकलं आणि म्हणाली, "आता म्हैस घेऊ या." कंडेन्सर आणि मणीही टाकले.

भाच्याला मी बजावलंय की इन्स्ट्रक्टरला आधी दाखव, जमिनीवर इंजिन चालू करून चेक कर, मगच वर. विमानाच्या पॅनेलमध्ये मात्र मी हात घालणार नाही, ते काम लायसन्सवाल्या इंजिनिअरचं. माझं काम सॉकेटच्या अलीकडे संपतं.

बटणाचं कुणीच बोललं नाही. हॉर्नचं लावून टाकलंय.

जुना टेक्निशियन

काढा ते. पावसात अडकलेला हॉर्न ऐकलाय ना, अख्खी गल्ली उठते? तसं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं तर त्या फ्रिक्वेन्सीवरची सगळी विमानं अडकतात. दोघं एकदम बोलले की एएमवर नुसती किंचाळी ऐकू येते. आणि ज्याचं बटण अडकलंय त्याला हे कळतही नाही, कारण त्याचा रेडिओ पाठवत असताना ऐकत नसतो. गोंदूरला एका वेळी चार-पाच पोरं सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवती घिरट्या घालत, असली तर काय होईल विचार करा. सीलबंद मायक्रोस्विच घ्या, चाळीस-पन्नास रुपये. आणि शेपटाला वेगळं सॉकेट द्या, म्हणजे बटणावर शंका आली की उपटून बाजूला ठेवता येईल आणि विमानाचं स्वतःचं बटण वापरता येईल.

धागाकर्ता

तुमचं वाचून आता बटण खोलून पाहिलं. आत ज्वारीचं पीठ. दाबलं की परत यायला अर्धा सेकंद लावतंय. भाच्याला फोन केला, उद्याच्या उड्डाणाला बटण न्यायचं नाही. मायक्रोस्विच आजच मागवतो. तो कोणत्या अँपिअरचा घ्यायचा तेवढं सांगा, का इथे करंट इतका कमी आहे की काहीही चालेल?

जुना टेक्निशियन

करंट नगण्य आहे, अँपिअर बघू नका. सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट मिळाले तर घ्या. मोठ्या करंटचे चांदीचे कॉन्टॅक्ट इतक्या कमी करंटला काळे पडून दगा देतात. आणि पुढची चाचणी गिरणीत नको.