शब्दचर्चा: कोशातला अर्थ कोर्टात किती चालतो?

'कोशात असा अर्थ दिला आहे' असं कुणी म्हटलं की आपल्या शब्दचर्चा बहुधा तिथेच मिटतात. कोर्टात मात्र वाद तिथून पुढे सुरू होतो, कारण दोन्ही बाजूंचे वकील कोश घेऊनच उभे असतात. करविषयक निकाल वाचताना मला जाणवलेली गोष्ट इथे मांडतो. आपल्याकडचे यातले बरेच वाद मुळात वस्तूबद्दलचे नव्हतेच. कायदा इंग्रजीत लिहिलेला, वस्तू देशी, आणि इंग्रजी शब्दाचा पसारा आपल्या शब्दाच्या पसाऱ्याशी जुळत नाही, यातून ते उभे राहिले.

अकोल्याचं उदाहरण बघा. १९४७ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायद्यात करमाफ वस्तूंची यादी होती. तिच्यात 'व्हेजिटेबल्स' ही एक नोंद आणि 'विड्याची पाने' ही दुसरी, स्वतंत्र नोंद. १९४८ च्या दुरुस्तीत विड्याच्या पानांची नोंद वगळली गेली आणि खात्याने पानांवर कर लावला. अकोल्याचे पानाचे व्यापारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पानं ही व्हेजिटेबल्सच आहेत, तेव्हा त्या नोंदीखाली माफी द्या, असं त्यांचं म्हणणं. आधाराला इंग्रजी कोश होता. त्यात 'व्हेजिटेबल' म्हणजे वनस्पतीचं, वनस्पतीपासून मिळणारं, असा अर्थ दिलेला. विड्याचं पान वेलीला येतं, मग ते व्हेजिटेबल का नाही?

१९६१ साली निकाल व्यापाऱ्यांच्या विरुद्ध गेला. न्यायालयाचं म्हणणं असं की, हा रोजच्या वापरातला शब्द आहे. त्याचा अर्थ वनस्पतिशास्त्रातून काढायचा नाही, लोक तो ज्या अर्थाने बोलतात त्या अर्थाने घ्यायचा. नागपूर उच्च न्यायालयानेही त्याआधी पानवाल्यांच्याच एका प्रकरणात व्हेजिटेबल म्हणजे परसात पिकतं आणि जेवणाच्या ताटात येतं ते, अशी व्याख्या केली होती. शिवाय विधिमंडळाने आधी वेगळी नोंद ठेवली आणि मग ती काढली, यावरून त्याचा हेतूही दिसत होता.

आता हाच वाद मराठीत मांडून पाहा. उभाच राहत नाही. 'वनस्पती' वेगळी, 'भाजी' वेगळी. मंडईत भाजी मागितली तर कुणी विड्याची पानं पिशवीत टाकणार नाही. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसलेले आहेत, आणि कोश ते दोन्ही देतो, कारण कोशाचं कामच ते. बंगालच्या १९४१ च्या विक्रीकर कायद्यात म्हणूनच केवढं शहाणपण होतं बघा. तिथे 'व्हेजिटेबल'पुढे 'ज्यांना सामान्यपणे सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणतात' असं लिहून ठेवलं होतं. ओलं आलं यात बसतं का, हा प्रश्न १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बसतं, असा निकाल झाला. आलं भाजीवाल्याकडेच मिळतं, हे आपल्यालाही सांगायला नको.

कोळशाचं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे. इंग्रजीत खाणीतला तो 'कोल' आणि लाकूड जाळून केलेला तो 'चारकोल'. शब्दही वेगळे, कोशातल्या नोंदीही वेगळ्या. मध्य प्रदेशच्या कायद्यात 'कोल' लिहिलेलं होतं, तर लाकडी कोळसा त्यात धरायचा का? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरायचा म्हणून सांगितलं. विकणारा आणि घेणारा दोघंही भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने बोलत नाहीत, असं त्यामागचं कारण. मराठीतही फरक सांगायची वेळ आली तरच आपण 'दगडी' किंवा 'लोणारी' म्हणतो, एरवी दोन्ही कोळसाच. इंग्रजी कोशाने जिथे दोन कप्पे केले होते, तिथे न्यायालयाने देशी बोलीतला एकच कप्पा मानला.

आंध्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिलेला निकाल मात्र मला पटत नाही. कायद्यातल्या 'राइस' या नोंदीत पोहे आणि चुरमुरे येतात का, हा प्रश्न होता. दाणा तांदूळ म्हणून ओळखू येतो तोवर तो या नोंदीत येतो, असं न्यायालयाने ठरवलं. इंग्रजीपुरतं ठीक आहे, तिथे साळीपासून भातापर्यंत बहुतेक ठिकाणी 'राइस'च चालतो. पण वाण्याकडे तांदूळ मागितले आणि त्याने पोहे मोजून दिले, असं तेलुगू मुलखात होत नाही आणि आपल्याकडेही होत नाही. पानाला जी कसोटी लावली तीच पोह्यांना लावली असती, तर निकाल वेगळा लागला असता असं मला वाटतं. करदात्याच्या बाजूने झाला म्हणून तो भाषेच्या दृष्टीनेही बरोबर ठरत नाही.

परदेशातली दोन प्रकरणं सांगण्याजोगी आहेत. अमेरिकेत १८८३ च्या जकात कायद्यात भाज्यांवर १० टक्के जकात होती, फळं माफ होती. टोमॅटो फळ की भाजी, यावर चाललेला निक्स विरुद्ध हेडन हा खटला १८९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. यातली गंमत अशी की कोश दोन्ही बाजूंनी वाचले. व्यापाऱ्याच्या वकिलाने 'फळ' आणि 'टोमॅटो'चे अर्थ वाचून दाखवले, तर जकात अधिकाऱ्याच्या वकिलाने वाटाणा, वांगं, काकडी यांचे वाचले, म्हणजे फळाच्या व्याख्येत तीही बसतात. त्यावर व्यापाऱ्याच्या वकिलाने बटाटा, कोबी, गाजर काढलं! न्यायालयाने स्पष्ट केलं की कोश हा पुरावा नाही, न्यायाधीशांच्या स्मरणाला आणि समजुतीला फक्त मदत आहे. टोमॅटो जेवणात येतो, जेवणानंतर गोडाच्या जागी येत नाही, म्हणून तो भाजी.

दुसरं प्रकरणही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातलं, २०१२ चं. कायद्यात 'इंटरप्रिटर'चा खर्च वसूल करता येतो असं होतं. कागदपत्रांच्या अनुवादाचा खर्च त्यात धरायचा का? न्यायमूर्ती अलिटो यांनी कोशांमागून कोश पाहिले. एका मोठ्या कोशात 'अनुवादक' हाही अर्थ सापडला, तरी तो सर्रास वापरातला नाही म्हणून त्यांनी बाजूला ठेवला. तीन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं. दुभाषा आणि अनुवादक वेगळे, हे आपण कोश न उघडताही सांगू. पण एखादा अर्थ कोशात छापलेला असूनही कोर्ट तो नाकारू शकतं, हे इथे लख्ख दिसतं.

आपल्याकडे नियम सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या टिटाघर पेपर मिल्स निकालात नीट मांडला आहे. कायद्यातच व्याख्या असेल, किंवा न्यायालयाने आधी अर्थ लावलेला असेल, तर कोश बघायचा नाही. नसेल तर बघायचा; पण कोश सगळे अर्थ देतो, त्यातला संदर्भाला लागू पडणारा न्यायालयाने निवडायचा. निवड कोश करत नाही, हे वाक्य शब्दचर्चेतही आपण लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता: जीएसटीत विड्याच्या पानांना पुन्हा स्वतंत्र नोंद मिळाली आहे आणि त्यांवर कर नाही.

तालुका न्यायालयात मराठीतून काम चालवणारे कुणी इथे असतील तर त्यांना एक विचारायचं आहे. खरेदीखतातल्या किंवा वाटणीपत्रातल्या एखाद्या मराठी शब्दावरून, समजा 'परडं', 'बांध' किंवा 'पडीक'वरून, वाद झाला, तर तुम्ही काय पुढे करता? मोल्सवर्थ, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, की गावातल्या जाणत्या माणसाची साक्ष? १८७२ च्या पुरावा कायद्यात स्थानिक आणि प्रांतिक शब्दांच्या अर्थासाठी पुरावा देण्याची मुभा होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती आहे. 'परडं' कोकणात एक आणि देशावर दुसरं, अशा वेळी ही मुभा प्रत्यक्षात कशी वापरली जाते, ते कृपया उदाहरणासह लिहा.