जुन्या गाड्या कधी बंदच पडत नव्हत्या म्हणे!

डबल_क्लच

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर काल एका मित्राने लिहिलं: आताच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाईल, पाच वर्षांत भंगार. आमच्या वेळच्या पद्मिनी, अँबॅसेडर, मारुती ८०० जन्मभर चालल्या, कधी त्रास दिला नाही. खाली अंगठ्यांची रांग आणि "अगदी मनातलं बोललास". तिथे उत्तर दिलं असतं तर दिवाळीचं स्नेहसंमेलन बिघडलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

कधी त्रास दिला नाही? एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीचा बोरघाट आठवा जरा. मे महिन्यात खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, इंजिन तापून पेट्रोलची वाफ झाली म्हणून फ्युएल पंपावर टाकलेला ओला फडका, आणि रेडिएटरचं झाकण टॉवेलने धरून उघडणारा कुणाचा तरी बाप. डिकीत स्टेपनीच्या शेजारी पाण्याचा कॅन, फॅनबेल्ट, ठिणगीसाठी लागणारे पॉइंट, कंडेन्सर आणि चार प्लग असायचेच. का असायचे? गाडी बंद पडत नव्हती म्हणून? पावसाळ्यात प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये ओल गेली की अख्खी सोसायटी धक्का मारायला खाली यायची.

इंजिनाचं तर बोलायलाच नको. साठ-सत्तर हजार किलोमीटरला धूर सुरू, मग हेड उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला. मीटरला आकडेच पाच असायचे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य, आणि इंजिन न उघडता कुणी तिथवर पोचला तर तो गल्लीत सांगत सुटायचा. आज टॅक्सीत बसाल तेव्हा मीटरवर नजर टाका. सीएनजीवर दोन-अडीच लाख झालेले असतात आणि ड्रायव्हरला त्याचं काहीच वाटत नाही.

बाबांची गाडी टिकली, कारण बाबा दर रविवारी तिच्याखाली झोपलेले असायचे आणि ती वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालायची. ज्या टिकल्या नाहीत त्या कुर्ल्याच्या भंगारात गेल्या. त्यांच्या आठवणी कोण काढतो?

पंचवटी_गॅरेज

गाडी बंद पडायची, बरोबर. पण चालू पण व्हायची ना साहेब! ते तुम्ही लिहिलंच नाही.

आमचं गॅरेज वडलांच्या काळापासून. पॉइंट घासला, गॅप लावला, गाडी चालू. क्लचची केबल तुटली तर गाडी तिसऱ्यात ढकलून घरी नेणारी माणसं होती. आता माझ्याकडे गाडी येते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. स्कॅनर लावतो, कोड येतो, सेन्सर कळतो, सेन्सर बाजारात मिळतोही. बसवला तरी गाडी तो ओळखत नाही, कारण कोडिंग, म्हणजे नव्या पार्टची गाडीच्या संगणकात नोंद, कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर. पूर्वी हेडलाईटचा बल्ब गेला तर बल्ब बदलायचो, आता एलईडीची अख्खी असेंब्ली. त्या पैशांत जुनी स्कूटर येईल.

हे माझं रडगाणं नाही. २०१४ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. मी अजून तिथेच आहे, पिवळ्या दिव्यासमोर.

कोथरूडकर_डिझेल

या विषयावर माझ्याइतकं कुणी भोगलं नसेल. कंपनीचं नाव घेत नाही, वकील मित्राने मना केलंय.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, डिझेल एसयूव्ही घेतली. वापर काय? मुलीची शाळा, माझं ऑफिस, मंडई. वर्षभरात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "सर, गाडी हायवेला काढत जा." म्हणजे काजळी जाळायला मी दर आठवड्याला पेट्रोलपंपावर डिझेल भरून साताऱ्याला जायचं आणि चहा पिऊन परत यायचं! पुढे गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे स्वतःच ताकद कमी करून घेतली, चांदणी चौकाच्या चढावर बैलगाडीसारखी. फिल्टर बदलायचं कोटेशन लाखाच्या वर. वॉरंटी? "वापराच्या पद्धतीमुळे झालंय, बसत नाही." विकताना कुणी विचारलं होतं का, मंडईला जाता की मंगळुरूला?

माझ्या आधीच्या २००९च्या डिझेलने असला एकही नखरा केला नाही.

डबल_क्लच

@कोथरूडकर_डिझेल, नखरा केला नाही कारण ती काजळी सरळ मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जात होती. आणि रोज सात किलोमीटरसाठी डिझेल एसयूव्ही घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

कोथरूडकर_डिझेल

हे बघा, उपदेश नको. गाडी माझी, पैसे माझे. बारा लाख मोजल्यावर ती मंडईला चालली पाहिजे, एवढी साधी अपेक्षा आहे. तुमचा बोरघाट तुमच्यापाशी ठेवा.

मीच_चालवते

एवढा वेळ सगळे बाप्ये बॉनेटमध्ये डोकं घालून बोलताहेत, म्हणून लिहिते.

आमच्या घरात जुनी गाडी होती तेव्हा आईला लायसन्स असूनही गावाबाहेर एकटीला नेऊ देत नसत. "रस्त्यात बंद पडली तर काय करशील?" हे कारण नेहमी तयार. आणि ती पडायचीच, त्यामुळे आईला बोलता यायचं नाही. मी नागपूरहून इगतपुरीपर्यंत समृद्धीवरून रात्री एकटी गाडी आणते. नवऱ्याला फोन करते तो पोचल्यावर. मला टॅपेट म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

पंचवटीवाल्या दादांचं कोडिंगचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण "धक्का मारला की चालू व्हायची" यातला धक्का मारणारा कोण असायचा आणि चारचौघांत गाडीत ओशाळून कोण बसलेलं असायचं, तेही लिहा. आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ला. त्याआधीच्या साध्या गाडीचा ब्रेक पावसात कचकन दाबून बघा, मग सांगा जुनं सोनं.

पंचवटी_गॅरेज

ताई, ब्रेकच्या बाबतीत तुम्ही जिंकलात. ठोकलेल्या जुन्या गाड्या आमच्याच दारात यायच्या, स्टिअरिंगचा दांडा छातीपर्यंत आलेला. त्यावर मी कधी भांडणार नाही. बिलावर भांडणार.

मधला_काळ

दोन्ही बाजू चुकीच्या. खरा काळ साधारण २००५ ते २०१५. पेट्रोल मोजून टाकणारं इंजेक्शन आलं होतं, हवा-पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर गेला होता, पॉवर स्टिअरिंग होतं, आणि एसी चालू करायला स्क्रीनवर तीन बोटं फिरवावी लागत नव्हती. ते १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा, आपल्या रांजणगावातही बनायचं. फियाट, मारुती, टाटा, तिघांच्या गाड्यांत तेच. कुठल्याही तालुक्यातला मेस्त्री डोळे मिटून खोलायचा. २०२०ला बीएस-६ आलं आणि खेळ खलास.

माझी त्या काळातली पेट्रोल गाडी आजही ठणठणीत आहे. होती, असं म्हणतो. कारण आता टाकीत २० टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस वगैरेपासून काढलेलं अल्कोहोल, घालताहेत. ॲव्हरेज पडलं, सकाळी स्टार्टिंगला खोकते, आणि इंधनाचा पाइप भेगाळलेला निघाला. गाडी वाईट नव्हती, तिला मुद्दाम वाईट केली. साखर कारखानदारांसाठी.

शिरोळचा_ऊस

आलं का शेवटी कारखान्यावर! मी एवढा वेळ गप्प वाचत होतो.

साखरेचा साठा गोदामात पडून राहिला की कारखाना आमचं बिल थकवतो. कायदा म्हणतो १४ दिवसांत पैसे द्या, आणि आम्ही वाट बघत बसतो महिनोन्‌महिने. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात, म्हणून गेली काही वर्षं बिलं जरा वेळेवर निघाली. तुमचा रबरी पाइप दोन-तीनशे रुपयांचा. आमच्या घरात त्या बिलावर पोरांची फी भरली जाते. कुणाचं दुखणं मोठं, सांगा बघू.

मधला_काळ

प्रश्न पाइपचा नाही. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्के घटेल. म्हणजे आधीच माहीत होतं. मग पंपावर दर का कमी नाही? आणि साधं पेट्रोल वेगळ्या नळीला का मिळत नाही? सप्टेंबर २०२५ला लोक हीच मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, याचिका फेटाळली.

शिरोळचा_ऊस

दर कमी का नाही ते पंपाला विचारा, दिल्लीला विचारा. आमच्याकडे २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३,५५० होती, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापून. डिसेंबर २०२३ला सरकारनं एका रात्रीत उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, साखर महागेल म्हणून. तेव्हा पुण्यातल्या किती गाडीवाल्यांनी आमच्यासाठी धागा काढला? शून्य. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले की तुमचं इंजिन खोकतं.

मराठवाडी_पाणी

ऊसवाले, थांबा जरा. लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं २०१६ला, विसरलात? त्याच पट्ट्यात ऊस आणि कारखाने. आता मक्यापासूनही इथेनॉल करताहेत, तर कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडताहेत. गाडीत काय भरायचं हे गाडीवाल्याने ठरवायचं नाही, शेतात काय लावायचं हे पाण्याने ठरवायचं नाही. वाहवा.

शिरोळचा_ऊस

आमच्याकडं कृष्णा-पंचगंगा आहे, आम्ही पुरात बुडतो. लातूरच्या पाण्याचा हिशेब शिरोळकडून मागू नका. आणि ज्याला शेतातलं कळतं त्यानंच बोलावं.

मराठवाडी_पाणी

सहा एकर आहे माझं. सोयाबीन. बोलू ना आता?

डबल_क्लच

अहो, धागा गाड्यांचा आहे! कुणीतरी इंजिनाकडे परत या.

पंचवटी_गॅरेज

मी येतो. तुमच्या फायद्याचंच सांगतो, मनात नसताना. इथेनॉलने सगळ्यात जास्त मार कुणाला बसतोय? तुमच्या मित्राच्या "जन्मभर चालणाऱ्या" गाड्यांना. ते इंधन हवेतली ओल ओढतं. पत्र्याची टाकी, कार्ब्युरेटर, रबरी डायफ्रॅम, आणि गाडी महिनामहिना पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. उघडली की टाकीत गंजाचा गाळ आणि डायफ्रॅम फुगलेला. हौशी लोकांच्या जुन्या गाड्या माझ्याकडे याच कामाला येतात. एप्रिल २०२३नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील या इंधनाला धरूनच बनवलेत, त्यांना ही भीती नाही.

पण हेही ऐका. त्या जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर मी टेबलावर सोडवतो, धुतो, किट बदलतो, संध्याकाळी गाडी घरी. नव्या गाडीचा हाय-प्रेशर पंप बिघडला तर तो मला उघडताच येत नाही. बदला, बस. नवी गाडी क्वचित मोडते हे मान्य, मोडली की घरदार विचारून मोडते.

देवगड_बंदर

हे मेस्त्री बोलले ते आमच्या बाजूला येऊन बघा. पुण्या-मुंबईत सर्व्हिस सेंटर पाच किलोमीटरवर. माझ्या नव्या गाडीची चावी गाडीनेच ओळखायची सोडून दिली, भर आंब्याच्या हंगामात. गावातला मेस्त्री गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ह्येका हात लावूचो नाय." टेम्पोवर चढवून कोल्हापूरला पाठवली. पार्ट यायला आणखी आठवडा. तेवढ्यात पेट्यांची भाडी वेगळी मोजली.

विश्वास कंपनीच्या आकड्यांवर नसतो हो, जवळ कोण दुरुस्त करणारा आहे त्यावर असतो. आमच्याकडे अजून बोलेरो का खपते, याचं उत्तर यात आहे.

डबल_क्लच

देवगडकरांना उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे आहे, पण ते पुण्यात बसून देण्यासारखं नाही. दुरुस्तीचा हक्क मागा, कोडिंग खुलं करायला लावा, मी पहिली सही करतो. २०२२ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, त्याने पंचवटीचा पिवळा दिवा विझला नाही हे दिसतंच आहे. पण म्हणून कार्ब्युरेटरच्या आरत्या ओवाळणार नाही. मित्राने लिहिलं होतं "कधी त्रास दिला नाही". ते खोटं होतं, आहे आणि राहील.

मधला_काळ

सही करा, छानच. तोवर माझ्या पाइपचे पैसे कोण देणार?

शिरोळचा_ऊस

पाठवतो. बिल आलं की.

कोथरूडकर_डिझेल

सगळ्यांची सगळी उत्तरं झाली, माझा डीपीएफ तसाच. मेस्त्री, फिल्टर न बदलता काही होतं का?

पंचवटी_गॅरेज

आधी स्कॅन करून काजळी किती भरली ते बघा. फार नसेल आणि फक्त दिवाच लागला असेल तर गाडी मोकळ्या रस्त्याला काढा. एक गिअर खाली ठेवा, दोन हजारांच्या वर आरपीएम, वीस मिनिटं न थांबता. मध्ये इंजिन बंद करायचं नाही. रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर घाला.

कोथरूडकर_डिझेल

रविवारी सकाळी? एक्स्प्रेसवेवर? वीस मिनिटं न थांबता? तुम्ही नाशिकचे ना?