पावसाळी ट्रेक: हलक्या स्टफ सॅक किती आणि कोणत्या?

सांगे_पायवाट
गोव्यातल्या नेत्रावळी परिसरात भर पावसात दोन दिवस चालायचंय, मुक्काम गावातच. सॅक ४० लिटरची, रेनकव्हर आहे. ३, ५, ८, १३ आणि २० लिटरच्या ड्राय बॅगांचा (पाणी आत न जाणाऱ्या पिशव्यांचा) संच घेऊ की साध्या स्टफ सॅक (सामान कोंबून भरायच्या हलक्या पिशव्या)? वजन कमी हवं, पण कपडे आणि स्लीपिंग बॅग कोरडी राहिलीच पाहिजे.

रानमाणूस
संच घेऊ नका. बेरीज करा, ४९ लिटर होतात आणि सॅक ४० ची! शिवाय गच्च भरलेल्या गोल बॅगांमध्ये फटी राहतात, तेवढी जागा फुकट.

रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून येतं: भिजलेल्या शर्टातून पाठीच्या पॅडमध्ये, तिथून शिवणीतून आत. म्हणून सॅकच्या आत ६०-७० लिटरची जाड प्लॅस्टिकची एकच पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा आणि रबराने बांधा. तिच्या आत सिलनायलॉनच्या (सिलिकॉनचा थर दिलेल्या नायलॉनच्या) दोन पातळ पिशव्या पुरेत, कपड्यांना एक आणि स्लीपिंग बॅगेला एक. त्या थोड्या सैल भरा, म्हणजे कोपऱ्यांत दबून बसतात. ओला रेनकोट कायम पिशवीबाहेर. फोन, पॉवर बँक आणि औषधांसाठी मात्र ३ लिटरची खरी रोल-टॉप, म्हणजे तोंड गुंडाळून बकलाने बंद करायची ड्राय बॅग घ्या.

सांगे_पायवाट
धन्यवाद दादा. पण सिलनायलॉनही वॉटरप्रूफच म्हणून विकतात ना?

रानमाणूस
कापड पाणी अडवतं, शिवण आणि दोरीचं तोंड अडवत नाही. सिलिकॉनवर नेहमीची सीम टेप (शिवण झाकणारी पट्टी) चिकटत नाही, त्यामुळे बहुतेक पिशव्यांच्या शिवणी उघड्याच असतात. पातळ केलेलं सिलिकॉन सीलंट ब्रशने शिवणीवर लावून रात्रभर वाळवा.

चोर्ला_धुकं
रोल-टॉपबद्दल थोडं. तोंडाच्या दोन्ही कडा नीट जुळवून किमान तीन वेटोळे द्या, मगच बकल लावा. मध्ये चुणी राहिली तर पाणी तिथूनच झिरपतं. या वेटोळ्यांत उंची जाते, म्हणून लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, मापं बघा. व्यास २० सेंमी, उंची ३२ सेंमी म्हणजे १० लिटर, पण ही उंची गुंडाळल्यानंतरची हवी. तपासायला हवा भरून बंद करा, बादलीत दाबा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा.

आणि आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे दमट हवा. अनेक ड्राय बॅगांना आतून असलेलं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग ओलाव्याने आणि उष्णतेने विघटित होतं. बॅग आतून चिकट लागली, आंबूस वास आला, पापुद्रे सुटले की ती गेली, दुरुस्ती नाही. ट्रेकहून आल्यावर उलटी करून सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. गुंडाळून माळ्यावर टाकू नका, तोंड उघडं ठेवून टांगा. सिलिकॉनला हा त्रास नाही.

स्लीपिंग बॅगही घरी दाबून ठेवू नका, फुगवटा कमी होतो. जुन्या सुती उशीच्या खोळीत मोकळी ठेवा.