मदत हवी आहे: गव्हाने भरलेल्या पिंपात सोंडे (धान्य पोखरणारे किडे) वाफेने मारण्यासाठी निलगिरी तेलाची मात्रा कशी ठरवायची?

पिंप हवाबंद, 70 लिटरचे. गहू 50 किलो, ओलावा 12 टक्क्यांच्या आत. कीड सोंडे. रिकाम्या बरणीत दर लिटर हवेला 50 मायक्रोलिटर तेलाने प्रौढ सोंडे मरतात, पण तीच मात्रा भरलेल्या पिंपात तोकडी पडते, कारण धान्य स्वतःच तेलाची वाफ शोषून घेते. मग मात्रा किती पट वाढवावी? आणि ती पिंपाच्या आकारमानावर मोजावी की धान्याच्या वजनावर?

तेल थेट दाण्यांवर नको. कापसाचे बोळे सच्छिद्र पुरचुंडीत घालून तळाशी, मध्ये आणि वर ठेवले, तरी मधला थर सुटतो. मधोमध भोके पाडलेली नळी उभी केल्यास वाफ सारखी पसरेल का?

खरी अडचण दाण्याच्या आतल्या अळ्यांची. मादी दाण्यात अंडे घालून भोक बुजवते, त्यामुळे वाफ आत नीट पोहोचत नाही आणि महिनाभराने नवे सोंडे निघतात. म्हणून दुसरी मात्रा 15 दिवसांनी द्यावी की 25?

यातला काही गहू बियाण्याचा आहे. उगवणीवर परिणाम होऊ नये म्हणून किती दिवसांनी झाकण उघडून वारा द्यावा? मोजून पाहिलेले आकडे असतील तर तापमानासह कृपया लिहा.