गुलमोहराच्या मुळ्या लॉनवर आल्यात, माती टाकू का?

अंगणवाली:
नाशिकला घरापुढे वीस-बावीस वर्षांचा गुलमोहर आहे, खाली लॉन. दोन-तीन पावसाळ्यांत मनगटाएवढ्या मुळ्या वर आल्यात. मशीनचं पातं दर खेपेला आपटतं. एका मुळीची साल सोलवटून आतलं पांढरं लाकूड दिसतंय. परवा सासूबाई अडखळल्या, थोडक्यात वाचल्या. माळीदादा म्हणतात, "ट्रॉलीभर पोयटा टाकू, वर नवीन लॉन अंथरू, विषय संपला." टाकू का?

बिनधास्त:
दोन मुळ्या कापून टाका. काही होत नाही.

आंबेवाला:
ताई, थांबा! गुलमोहराची मुळं उथळ, वादळात आडव्या होणाऱ्या झाडांत तो हमखास असतो. जाड मुळी तोडली की त्या बाजूचा आधार गेला.

पोयट्याचं म्हणाल तर तो शहाणपणा मी आंब्याला करून बसलोय. फूटभर भराव घातला. तिसऱ्या वर्षी शेंडे वाळायला लागले. बुंधा उकरला, तर मातीखालची साल अंगठ्याने दाबताच ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मुळांनाही हवा लागते हो. पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. भरावाखाली ती गुदमरतात.

तेवढ्या भागातल्या लॉनचा नाद सोडा. जिथवर मुळ्या दिसतात तिथलं गवत हाताने काढा, कुदळ नको. खाचांत चाळलेलं कंपोस्ट भरा, वर 2-3 इंच पालापाचोळा, बुंध्यापासून वीतभर लांब. गुलमोहराची पानं बारीक, पावसात वाहून जातात. नारळाच्या सोडणांचे तुकडे टिकतात. सोललेल्या मुळीला डांबर, रंग, सिमेंट काही फासू नका. आणि लॉनला रोज शिंपडताय ना, त्या पाण्याने मुळं वरवरच राहतात. झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण मुरेल इतकं द्या.

बिनधास्त:
बरं, माझं मागे घेतो.

अंगणवाली:
सोडणं कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे फुकट मिळाली, दोन पोती. माळीदादा जरा रुसलेत. सासूबाई विचारतायत, तिथे खुर्ची टाकून बसलं तर चालेल का?

आंबेवाला:
खुशाल बसू देत. फक्त खुर्चीचा पाय मुळीवर नको, डगमगेल.