पुनर्रचना झाली तर मुंबईच्या ३६ जागांचं काय होणार?

चारकोपकर
विधानसभा मतदारसंघांची पुन्हा पुनर्रचना झाली, म्हणजे लोकसंख्येनुसार हद्दी नव्याने आखल्या, तर मुंबईच्या ३६ जागा टिकतील का? आणि आमदाराने किती वेळा निवडून यावं याला आपल्याकडे बंधन नाही. मग जुने चेहरे हलतात ते नेमके कशामुळे? मंडळात चर्चा ठेवली आहे, आकड्यांसकट उत्तर हवं आहे.

गिरगाव दक्षिण
आधी मागच्या वेळी काय झालं ते बघा. तोवर शहर जिल्ह्यात १७ आणि उपनगरात १७ जागा होत्या. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३३,३८,०३१ आणि उपनगराची ८६,४०,४१९. म्हणजे शहरात एका आमदारामागे दोन लाखांच्या आत माणसं आणि उपनगरात पाच लाखांवर! दहिसर-मानखुर्दकडच्या मतदारावर हा सरळ अन्याय होता. पुनर्रचना आयोगाच्या २००८ च्या आदेशाने शहराला १० आणि उपनगराला २६ जागा मिळाल्या, आणि २००९ ची निवडणूक त्यावर झाली.

आता पुढचं. राज्यात जागा २८८ च ठेवल्या आणि अंदाजापुरते २०११ चे आकडे घेतले, तर राज्याची सरासरी जागेमागे सुमारे ३.९० लाख येते. त्या मापाने शहर ३०,८५,४११ म्हणजे ८ जागा, उपनगर ९३,५६,९६२ म्हणजे २४. एकूण ३२! तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा (आजचे ठाणे आणि पालघर) १,१०,६०,१४८, म्हणजे आजच्या २४ ऐवजी २८. मुंबईच्या चार जागा गेल्या कुठे, हे वेगळं सांगायला नको. राज्यातल्या एकूण जागा वाढवल्या तर मुंबईचा आकडा कदाचित घटणार नाही, पण वाटा १२.५ टक्क्यांवरून ११ च्या आसपास येईल. चर्चेत आकड्यापेक्षा वाट्यावर बोला.

मुलुंड पूर्व
चेहऱ्यांबद्दल. महापालिकेत हे काम आरक्षणाची सोडत करते. चिठ्ठीत प्रभाग राखीव निघाला की तिथला नगरसेवक एक तर शेजारचा प्रभाग शोधतो, नाही तर घरातल्या बाईला उभं करतो. विधानसभेत तसं नाही. कुर्ला आणि धारावी अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, आणि पुढची पुनर्रचना होईपर्यंत ते तसेच राहतात. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतही महिलांसाठी राखीव एक तृतीयांश जागा प्रत्येक निवडणुकीला फिरत नाहीत. त्या फिरतात पुनर्रचनेनंतर. ‘३६ चे १२ महिलांना’ असं मात्र गृहीत धरू नका, एक तृतीयांश हे प्रमाण राज्याच्या जागांवर आहे, जिल्ह्यावर नाही.

खरी कालमर्यादा बघायची तर अमेरिकेतलं मिशिगन राज्य घ्या. १९९२ पासून तिथे खालच्या सभागृहात आयुष्यभरात सहा आणि वरच्या सभागृहात आठ वर्षं एवढीच मुभा होती. २०२२ मध्ये मतदारांनी ती दोन्ही मिळून बारा वर्षं केली. हद्दी आखणं २०१८ च्या कौलाने आमदारांच्या हातून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. दोन्ही पक्षांचे चार-चार, कोणत्याच पक्षाचे नसलेले पाच. नव्या नकाशावर २०२२ ला डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं जिंकली, ५६-५४ आणि २०-१८. तरी डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले, कारण रेषा ओढताना वंशाला नको तितकं महत्त्व दिलं होतं. आयोग निःपक्ष असला म्हणून रेघ बरोबर येते असं नाही.

चारकोपकर
उत्तम. आपल्याकडे हद्दी आखणाऱ्या आयोगात आमदार बसतात का? आणि सामान्य माणसाने हरकत घ्यायची कशी?

गिरगाव दक्षिण
२००२ च्या पुनर्रचना कायद्याखालच्या आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश किंवा निवृत्त न्यायाधीश, केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त होते. पाच खासदार, पाच आमदार सहयोगी सदस्य, पण त्यांना मत नाही, सहीचा अधिकारही नाही. नव्या हद्दींचा मसुदा राजपत्रात येतो, त्यात सहयोगींचे वेगळे प्रस्तावही छापतात. ते वाचाच, कोणाला कुठली वस्ती नको आहे ते तिथे दिसतं. मग हरकतींची मुदत आणि जाहीर सुनावणी.

हरकती फेटाळल्या जातात त्या बहुधा ‘आमचा विभाग तोडू नका’ एवढंच लिहिल्यामुळे. नकाशा जनगणनेच्या प्रगणक गटांवर, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेल्या घरांच्या तुकड्यांवर, उभा असतो. तेव्हा लिहायचं असं: अमुक ते अमुक क्रमांकाचे गट अमुक मतदारसंघात घातले आहेत, ते शेजारच्यात न्यावेत, त्यामुळे पहिल्याची लोकसंख्या इतकी घटते, दुसऱ्याची इतकी वाढते. कारण देताना कायद्यातलंच द्या: मधे रेल्वेचे रूळ आहेत, खाडी आहे, पलीकडे जायला पूल नाही. मतदार यादीतला भाग क्रमांक म्हणजे प्रगणक गट नव्हे, ही गल्लत सर्रास होते. आणि मतदारसंख्या देऊ नका, लोकसंख्या द्या.

मुलुंड पूर्व
हे सगळं मसुद्याच्या टप्प्यावरच. अंतिम आदेशाला कायद्याचं बळ असतं, नंतर न्यायालयात फारसं काही हाती लागत नाही. गटांचे नकाशे आधीच मिळवून ठेवा, मुदत सुरू झाल्यावर त्यांच्यामागे धावण्यातच दिवस संपतात.