वाफेतनं किमो देतात का कुठं? आबांसाठी विचारतोय

शिरोलीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या आबांना (वय ६४) फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, रिपोर्टात अ‍ॅडिनोकार्सिनोमा लिहिलंय. सगळी हयात फाउंड्रीत गेली त्यांची. सलाईनमधनं दोन किमो झाल्या आणि हाताची शीर काळी पडून दोरीसारखी कडक झालीय, सिस्टर तीन तीन वेळा टोचतात तेव्हा आबा काही बोलत नाहीत, नुसतं खिडकीकडं बघत बसतात, मला बघवत नाही ते. आईला दमा असल्यानं घरात नेब्युलायझर आहेच, ते बघून डोक्यात आलं की किमो पण असंच वाफेतनं थेट फुफ्फुसात दिलं तर अंगभर विष कशाला फिरवायचं? कोल्हापुरात नाहीतर पुण्या-मुंबईला कोण करतं का असं?

किमोवाली_सिस्टर
दादा, पहिलं सांगते, घरच्या नेब्युलायझरमध्ये किमोचं औषध घालायचा विचारसुद्धा करू नका. मी डे-केअरला किमो देते. औषध मिसळताना आम्ही गाऊन, डबल ग्लोव्हज घालून बंद कॅबिनेटमध्ये मिसळतो, तेच वाफ होऊन खोलीत पसरलं तर तुमची आई आणि घरातली पोरं पण ते श्वासात घेणार.

तुमच्या डोक्यात आलं ते चुकीचं नाही हां. डॉक्टर लोक कित्येक वर्षं यावर काम करतायत, सिस्प्लॅटिन, जेमसिटाबिन ही किमोची औषधं वाफेतनं देऊन बघितलीयत. २००७ मध्ये डॉक्सोरुबिसिन ह्या किमोच्या औषधाचा पहिल्या फेजचा (किती डोस सोसतो ते बघायचा) अभ्यास छापून आला, ५३ पेशंट होते, पण डोस वाढवला की फुफ्फुसालाच त्रास व्हायला लागला. थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो, मोठा असला तर घशातच चिकटतो, फार बारीक झाला तर श्वासाबरोबर परत बाहेर. आणि गाठीनं श्वासनळी दाबली असेल तर वाफ त्या बाजूला जातच नाही, चांगल्या भागात जाते, म्हणजे औषध नको तिथंच जास्त. शिवाय आजार हाडात, लिव्हरमध्ये गेला असला तर तिथं वाफ कशी पोचणार, तिथं रक्तातनंच जायला लागतं. म्हणून अजून हे नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. कोण पैसे घेऊन करतो म्हणालं तर लांब राहा.

शिरेचं मात्र ऐका. पुढच्या किमोआधी डॉक्टरांना पोर्टबद्दल विचारा. छातीवर कातडीखाली छोटी डबी बसवतात, सुई तिथंच टोचायची, हात मोकळा. शीर एवढी खराब झाल्यावर तरी विचाराच.

गडहिंग्लजकर
सिस्टरनी सांगितलं ते बरोबर आहे, आणि भावा अजून एक, बायोप्सीवर ईजीएफआर, एएलके ह्या टेस्ट (गाठीच्या जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, आहे का ते बघायच्या) केल्यात का बघ. आमच्या मावशीला तोच अ‍ॅडिनोकार्सिनोमा, पहिली किमो झाल्यावर रिपोर्ट आला, ईजीएफआर पॉझिटिव्ह, मग गोळी सुरू केली आणि सलाईन सुटलं. सगळ्यांना चालत नाही ती, म्युटेशन असलं तरच, पण टेस्ट झाली पाहिजे. आम्ही बायोप्सीचा ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) घेऊन रात्रीच्या महालक्ष्मीनं परळला टाटाला गेलो होतो. खर्चाचं काय योजनेत बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचार, लाजू नको.

शिरोलीचा_पोरगा
लई आभार सगळ्यांचे. आत्ता फाईल काढून बघितली, ईजीएफआर कुठंच लिहिलेलं नाही. ब्लॉक लॅबमध्येच आहे, सोमवारी घेऊन येतो. आबांना पोर्टचं सांगितलं तर म्हणाले, हाताला टोचणार नाहीत ना मग? नाही म्हटल्यावर चहा मागितला, दोन दिवसांनी.